लातूरची तहान : माणसं जास्त झाली की ऊस?

मांजराकाठ : 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. आजही उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत आठ-आठ दिवस नळ येत नाही, जिथं बघावं तिथं नवा प्लॉट अन् नवी बोअर. पाऊस आहे तेवढाच, खाणारी-पिणारी तोंडं वाढली. दोन अपत्यांची अट ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आहेच, ती रेशनलाही लावा.

केजकर : भाऊ, राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 वर आलाय, 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे. लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतो. पाळणा कधीच लांबलाय! आता उसाचं बघा. पाटानं भिजवला तर पावसासकट साधारण 2000 मिलिमीटर पाणी पितो. एकरी 80 लाख लिटर. माणशी रोज 100 लिटर धरलं तर दोनशेच्या वर माणसांची वर्षाची सोय. यातलं निम्मं पावसानं दिलं म्हणा, तरी शंभर माणसं उरतात. धरण उशाला अन् कोरड घशाला, ती या पायी.

रब्बीवाला : शहरात बसून उसाला शिव्या देणं सोपं आहे. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागतं, तुरीचं काही खरं नाही. उसाला निदान कारखाना ठरल्या दरानं बिल देतो, उशिरा का होईना. आणि ठिबक केलंय म्हटलं माझ्याकडं!

केजकर : तुमच्यावर रोख नाही. पण ठिबकवर वाचलेल्या पाण्यात आणखी दोन एकर ऊस लागतो, हेही खरं ना?

रब्बीवाला : लागतो. कर्ज फेडायचंय.

धारूरची लेक : रेशन तोडायचं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं येऊन बघावं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या जोडीवर मिळते. म्हणून दिवाळीआधी पोरींची लग्नं उरकतात, वयाचं कोण बघतो? मूल कधी, किती, यात तिला विचारतच नाहीत. अन् शिक्षा म्हणून धान्य तिच्याच चुलीचं कापणार?

मांजराकाठ : ताई, तुमचं पटतंय. पण केजकर, 1.7 झाला म्हणून उद्या माणसं कमी होत नाहीत. लग्नाच्या वयाची पोरं ढीगभर आहेत, लोकसंख्येचा आकडा अजून काही वर्षं चढणारच. शिवाय गावाकडची सगळी लातूर, संभाजीनगर नाहीतर पुण्यात.

केजकर : गाव सोडतात ते रानात पाणी नाही म्हणून. लातूरला पाणी पुरवणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणातलं पाणी आधी कुणाच्या शेतात जातं, ते एकदा पाटावर उभं राहून बघा.