हॉलमधला जुना वॉलपेपर काढायचाय, पुट्टी न उखडता निघंल का?

मोंढ्यावरचा, परभणी

राम राम मंडळी. हॉलमधी सोफ्याच्या मागं एक भिंत हाय, १२ बाय १० फुटाची, तिला दादाच्या लग्नात वॉलपेपर लावला होता, चॉकलेटी रंगावर सोनेरी उठावाची फुलं. आता वरून कोपरा सुटलाय, खाली फुगलाय आणि एका जागी काळे ठिपके दिसायलेत. वैशाखात बहिणीचं लग्न हाय, त्याच्या आत भिंत साफ करून रंग द्यायचाय. पेंटर म्हणतो सगळी पुट्टी खरवडून गिलाव्यापर्यंत जावं लागंल, आणि त्याची मजुरी रंगापेक्षा जास्त व्हायली. मी एक पट्टी ओढून बघितली तर वरचा चकचकीत थर येतो पण खाली पांढरा कागद भिंतीलाच राहतो. घर २००८ चं, आत सिमेंटवाली पांढरी पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट. हे पांढरं कामून निघंना? पाणी मारलं तर पुट्टी फुगंल का? नळाला रोज पाणी येत नाही, बोरवरच भागवायचंय.

रंगवाला, नांदेड

भाऊ, घाई करू नका, पुट्टी सगळी काढायची गरज दिसत नाही. वरचा थर प्लास्टिकचा हाय, व्हिनाइल म्हणतात त्याला, त्याच्यातून पाणी आत जातच नाही म्हणून लोक वरून बादलीभर पाणी मारतात आणि काहीच होत नाही. आधी तो थर कोरडाच काढा. कोपरा धरून सरळ आपल्याकडं ओढू नका, भिंतीला लागून खाली खाली ओढा, मग मोठी पट्टी येती आणि पुट्टीला हिसका बसत नाही. पांढरं राहतं ते अस्तर, तेच भिजवायचंय. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका आणि स्प्रे बाटलीनं बारीक फवारा. शेतातला फवारणीचा पंप वापरू नका, औषधाचा अंश राहतो त्यात आणि तुम्ही बंद खोलीत काम करणार. बोरचं पाणी चालतं, फक्त फेस कमी येतो.

दोन-तीन फुटाचाच भाग घ्या, फवारा, १५-२० मिनिटं थांबा, सुकायला लागलं की परत फवारा. एप्रिलमधी पंखा चालू ठेवला तर भिजवलेलं बघता बघता वाळतं, म्हणून तेवढा वेळ पंखा बंद. कागदाचा रंग गडद झाला की समजा पाणी मुरलं, मग पुट्टीची पत्ती आडवी धरून खालून सरकवा. पत्तीचे दोन्ही टोकदार कोपरे कानशीनं गोल करून घ्या, हे कुणी सांगत नाही पण भिंतीला जे चरे पडतात ते त्या कोपऱ्यानंच पडतात. सिमेंटवाली पुट्टी एवढ्या पाण्यानं हलत नाही. ॲक्रिलिक पुट्टी किंवा पीओपी असंल तर मात्र मऊ पडती, म्हणून आधी सोफ्याआड झाकणाऱ्या जागी वीतभर करून बघा. आणि स्विचबोर्ड असंल त्या भिंतीचा एमसीबी (लाईट तोडायचा मेन बोर्डातला खटका) पाडूनच पाणी मारा.

लातूरची ताई

रंगवाले दादांनी बरोबर सांगितलंय, फक्त ते काळे ठिपके सोडून पुढं जाऊ नका. ती बुरशी आहे, आणि बुरशी ओल असल्याशिवाय येत नाही. त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे, बाथरूम का? व्हिनाइलमुळं ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही, ती मागंच साचती. आपल्याकडं पोपडे आले की वॉलपेपर लावून झाकायची पद्धतच पडलीय आणि त्यानं घरातल्या लहान लेकरांना नि म्हाताऱ्यांना त्रास होतो हो, मला हे मनापासून सांगावं वाटतं. कागद काढल्यावर भिंत वाळू द्या, मग हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून एक-दोन दिवस चिकटवून ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतीय, बाहेरून जमले तर ती हवेतली. भिंतीतून येत असंल तर आधी नळाचं काम, रंगाचं नंतर. बुरशी पुसताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीच वापरलं तर त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

मोंढ्यावरचा, परभणी

ताई, तुमचा अंदाज खरा निघाला, पलीकडं बाथरूमच हाय आणि शॉवरखालच्या टाईल्सचा जोड फुटलेला सापडला, प्लंबरला बोलावलंय. पांढरा कागद रंगवालेभाऊंनी सांगितलं तसाच निघायलाय, पुट्टी जागच्या जागी हाय. पण भिंत हाताला बुळबुळीत लागती. आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालीय, कागदामागं होती, आई तर घाबरूनच गेली.

रंगवाला, नांदेड

बुळबुळ म्हणजे गोंद. तो राहिला आणि वरून रंग मारला तर रंगाला जाळीसारखे तडे जातात, पुढं पोपडा सुटतो. कोमट पाणी आणि स्पंज, पाणी बदलत राहा, ओला हात फिरवल्यावर सरकला नाही पाहिजे. खळीचा गोंद असंल तर लगेच जाईल. टिंचर आयोडीनचा थेंब टाकून बघा, निळा-काळा झाला तर खळच. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वापरला असंल तर गार पाण्यानं विरघळत नाही, गरम फडकं दाबून ठेवलं की रबरासारखा होतो, गरम हाय तवरच पत्तीनं काढा.

बांधकामवाला, बीड

भेगेचं मी सांगतो. परभणीत काळी माती, ती पावसात फुगती आणि उन्हाळ्यात आकसती, पाया उथळ असला की भिंत तिच्याबरोबर हलती, आणि खिडकीचा कोपरा हा कच्चा भाग म्हणून भेग तिथूनच तिरपी निघती. आईला सांगा, केसाएवढ्या भेगेनं घर पडत नाही. पेन्सिलीनं भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा आणि पावसाळाभर बघा. पाच मिलीमीटरपेक्षा रुंद असंल, भिंतीच्या आरपार गेली असंल किंवा खूण ओलांडून वाढत असंल तर इंजिनिअरला दाखवाच. बारीक असंल तर पत्तीच्या टोकानं व्ही आकारात कोरा, धूळ झाडा, लवचिक ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वर जाळीची टेप आणि मग पुट्टीचा पातळ हात. नुसती कडक पुट्टी भरू नका, उन्हाळ्यात भेग सगळ्यात जास्त उघडलेली असती, पावसात ती मिटती आणि कडक पुट्टी बाहेर ढकलली जाती. पन्हाळीचं पाणी जोत्यापाशी साचत असंल तर ते आधी लांब काढून द्या.

रंगवाला, नांदेड

आणि एक, खिडकीच्या चौकटीला जुना ऑइलपेंट असंल तर तो कोरडा घासू नका. घरातल्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागात ९० भाग) खाली पाहिजे हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचं घर त्याच्या आधीचं. ओल्या पॉलिश पेपरनं घासा, पोरांना दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतीला मात्र प्लंबरचं काम झाल्यावर चांगली वाळू द्या, खड्डे पडलेत तेवढीच पुट्टी भरा, १८० नंबरचा पेपर फिरवा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा, मग प्रायमर. बाथरूमकडचा खालचा फूटभर भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तिथं ताईंचं प्लास्टिक परत एकदा लावून बघा आणि मगच ब्रश हातात घ्या.