मदत हवी आहे : पहिली कादंबरी छापली जाण्याजोगी आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

वहिफणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी इचलकरंजीची. एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायचा कारखाना) हिशेब बघते, इथल्या भाषेत दिवाणजी. कादंबरी लिहून पूर्ण झाली आहे. कांड्या भरणाऱ्या दोन बहिणी, त्यांचं घर, आणि साधे माग भंगारात जाऊन ऑटोलूम आले तो काळ. शब्द 84 हजार.

एका जुन्या, नावाजलेल्या प्रकाशनाकडे पाठवली होती. बऱ्याच महिन्यांनी पत्र आलं : लेखन चांगले आहे, परंतु आमच्या नियोजनात बसत नाही. दुसऱ्या एकांकडे मेल केली, तर आठवड्याच्या आत फोन. "मॅडम, अप्रतिम! दिवाळीच्या आत काढू. 300 प्रती, 65 हजार भरा, प्रकाशन समारंभ आमच्याकडून." घरचे म्हणतात भरून टाक, हौसेला मोल नाही.

पण मला हौस भागवायची नाहीये. पुस्तकात दम नसेल तर तसं कळलेलं चालेल, पुढचं लिहायला घेईन. मैत्रिणी "छान" म्हणतात, भाऊ म्हणतो "लई मोठी झाली." या सगळ्यातून मी नेमकं काय समजू? ज्यांची पुस्तकं निघाली आहेत किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया स्पष्ट सांगावं. वाईट वाटणार नाही (थोडं वाटेल).

चहाबाज

आधी अभिनंदन! आमच्या कादंबऱ्या तिसऱ्या प्रकरणात वारतात. वाचनखूण साठवली आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

जुना खिळा

प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधन आणि नंतर संपादन करत नोकरी संपली, म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, त्या पत्रातून काहीही निष्कर्ष काढू नका. तो मजकूर तयारच असतो. वाचून नाकारलेल्यांना तोच जातो, पाकीट न उघडलेल्यांनाही तोच. नकारात तुमच्याच पुस्तकाला लागू पडेल असं एखादं वाक्य असेल, उदाहरणार्थ "धाकटी घर सोडते तिथून गोष्ट सैल होते", तर समजा की कुणीतरी बसून वाचलंय. असा नकार सांभाळून ठेवावा. काम करून त्याच संपादकाला परत विचारता येतं.

फोनवाल्यांना विचारा, "तुम्हाला कुठलं प्रकरण कापावंसं वाटलं?" उत्तर येणार नाही. ते पुस्तक पारखत नाहीत, तुमची ऐपत पारखतात. त्यांचा होकार सगळ्यांनाच असतो, त्यामुळे शक्यतांच्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

आता खरा हिशेब. तुम्ही दिवाणजी आहात, पटकन कळेल. डेमी आकाराच्या पानात साधारण 260-270 शब्द बसतात. 84 हजारांची झाली 310-320 पानं. सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे 20 फॉर्म. समजा किंमत ठेवली 450 रुपये. वितरक-विक्रेते मिळून 40 ते 50 टक्के घेतात. प्रकाशकाच्या हातात 225 ते 270. त्यात कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, शिवाय छापील किमतीवर 10 टक्के रॉयल्टी धरली तर तुमचे 45. पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती सर्रास निघायची, आता तीनशे-पाचशेची काढतात, आणि प्रती कमी केल्या की दर प्रतीचा खर्च चढतो. अनोळखी नावाची साडेचारशेची कादंबरी कोण घेणार, ही धास्ती संपादकाला नसते, मालकाला असते. त्यामुळे "चांगले आहे" आणि "बसत नाही" ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

म्हणून तुमच्या भावाचं मत मला सगळ्यांत कामाचं वाटलं. कादंबरी 55-60 हजारांत आली तर 13-14 फॉर्म होतील आणि टेबलापलीकडच्या माणसाचा हात जरा सैल सुटेल. (माझा अनुभव असा की पहिल्या कादंबरीतली पहिली दोन प्रकरणं बहुधा लेखकाने स्वतःला पटवण्यासाठी लिहिलेली असतात. तिथून सुरुवात करा.)

दम आहे का, हे बघायचं असेल तर तुम्हाला न ओळखणाऱ्या संपादकाच्या हाती तुकडा द्या. एक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं उभं करून दिवाळी अंकांना पाठवा. 'मौज', 'अक्षर', 'साधना' अशा अंकांचे संपादक तुमच्या मैत्रिणी नाहीत. एकाने जरी घेतलं तरी पुढच्या प्रकाशकाला लिहिताना पहिल्या ओळीत सांगण्यासारखं काही हाती येतं. अंश आधी छापला म्हणून कादंबरी बाद होत नाही.

आणि तुमच्या गावच्या आपटे वाचन मंदिरात एक दुपार काढा. गेल्या तीन-चार वर्षांतल्या पहिल्या कादंबऱ्या कुणी काढल्या, त्यांचे विषय काय, पानं किती, हे टिपून घ्या. मग ग्रंथपालांना विचारा की यातल्या फिरतात कुठल्या. ज्या प्रकाशकाच्या यादीत कामगारांची, गावांची, निमशहरांची पुस्तकं आहेत तिथे तुमचं बाड टिकेल. नुसतं नाव मोठं बघून पाठवलेली बाडं आमच्याकडे कपाटभर असत. पाककृती आणि व्यक्तिमत्त्व विकास काढणाऱ्यांकडे खंडकाव्य यायचं.

खोकीवाला

खिळाकाका म्हणतात ते बरोबर, पण स्वतः छापणं म्हणजे पाप नव्हे. मी माझं पुस्तक स्वतःच काढलं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लेखकाला स्वतःच्या नावाने मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, फुकट. त्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर तिथेच ओळखा. मागणीनुसार छपाईत शंभर प्रतीही निघतात. दरपत्रक छापखान्याकडून थेट मागवा आणि ते 65 हजारांशेजारी ठेवून बघा.

फक्त एक. छापणं सोपं, विकणं आपल्यावर. दुकानदार अनोळखी पुस्तक ठेवत नाही, ठेवलं तर पैसे विकल्यावर, आणि विकलं की नाही हे विचारायला आपणच जायचं. माझं पुस्तक शेतीच्या एका विशिष्ट विषयावर होतं, गिऱ्हाईक ठरलेलं, म्हणून निभावलं. कादंबरीला असं ठरलेलं गिऱ्हाईक नसतं.

जुना खिळा

@खोकीवाला, मान्य. पण ताईंनी घाई करू नये, त्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्यासाठी. आता 65 हजार भरून काढलंत की ती वाट बंद. शिवाय राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. पहिलं पुस्तक एकदाच निघतं, ते कच्चं काढू नये.

कलमदान

वकील आहे म्हणून एवढंच. उद्या कुणी होकार दिला तर करार लेखीच करा, तोंडी नको. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 बघून ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, आणि हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात. अर्थात करारात वेगळं काही कबूल केलं नसेल तर. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. पैसे भरून घेणाऱ्यांच्या करारांत हे शब्द मी पाहिले आहेत.

कादंबरीतला कारखानदार गावात ओळखू येईल असा आहे का? असेल तर आत्ताच बदला. नाव बदलून भागत नाही. गाडीचा रंग, मुलाचं लग्न, सगळं बदला. प्रकाशक असल्या गोष्टीला फार घाबरतो, आणि पत्रात ते लिहीत नाही.

कृष्णाकाठ

ताई, वाचणारी माणसं निवडताना "कसं वाटलं?" विचारू नका. वीस पानं द्या आणि पेन्सिलीने खूण करायला सांगा, जिथे वाचायचं थांबून मोबाईल घेतला तिथे. आमच्या वाचनगटात आम्ही हेच करतो. तीन वेगवेगळ्या माणसांच्या खुणा एकाच पानावर आल्या की वादच उरत नाही. माणसं मात्र मागावरची आणि मागाबाहेरची, दोन्ही घ्या. जॉबर, सुलटी, वहिफणी हे मागाबाहेरच्याला कुठे अडतं ते तेव्हाच कळेल. पण तळटिपा नकोत बरं का, वाक्यातूनच उलगडू द्या.

वहिफणी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

फोनवाल्यांना काका म्हणाले तो प्रश्न विचारला. "मॅडम, एक ओळही कापायची नाही, सगळंच दमदार आहे," म्हणाले. मग थोरल्या बहिणीचं नाव विचारलं, तर लाइन खराब झाली. घरी सांगितलं, विषय मिटला.

@कलमदान, कारखानदार ओळखू येतोय खरा. त्याची कुत्री तेवढी ठेवू का? फार जमली आहेत.

मोठ्या बहिणीला रात्रपाळी लागते ते प्रकरण सुटं उभं राहील असं वाटतंय. शब्द सात हजार होतात. दिवाळी अंकाला चालतील का, आणि कधीपर्यंत पाठवावं?

जुना खिळा

सात हजार जास्त होतात, नव्या लेखकाची कथा तीन-साडेतीन हजारांत बसवा. जून-जुलैपर्यंत पोहोचू द्या, ऑगस्टमध्ये अंक भरत आलेले असतात. युनिकोडमध्ये टाइप करून, सोबत चार ओळींची माहिती. "अप्रकाशित आहे" एवढं लिहा, "माझी पहिलीच कथा, चुकभूल माफ" हे नको. एकाच वेळी दोन अंकांना पाठवणार असाल तर दोघांनाही तसं कळवा.

कुत्री ठेवा. जात बदला.