साडेसात इंची नळी आणि काडतुसांचा हिशोब

५.५६ मिमी कॅलिबरची काडतुसं स्वस्त म्हणून साडेसात इंची नळीचं एआर पिस्तूल (एआर-१५ रायफलीच्याच घडणीचं, आखूड नळीचं) जोडायचं, असं तुमचं म्हणणं. स्वस्त आहेत हे खरंच, पण ही गोळी मुळात एम१६ या लष्करी रायफलीच्या २० इंची नळीसाठी बेतलेली. साडेसात इंचांत बरीचशी दारू नळीबाहेरच पेटते. तोंडाशी आगीचा लोळ, कानठळ्या, आणि वेग सेकंदाला काहीशे फुटांनी घटलेला. बंद रेंजवर शेजारच्या लेनवाला चक्क सामान उचलून लांब जातो!

.३०० ब्लॅकआउट हे दुसरं काडतूस आखूड नळीसाठीच काढलंय, त्याला ९ इंच पुरतात. बोल्ट आणि मॅगझिन ५.५६चंच चालतं. गोम दरात आहे: जवळपास दुप्पट, सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची, त्याहून महाग. महिन्याला दोन-तीनशे राउंड उडवत असाल तर वर्षभराच्या फरकात दुसरं पिस्तूल येईल. माझं मत विचाराल तर ५.५६च घ्या, पण नळी साडेदहा इंची.

पुढेमागे दोन्ही कॅलिबर घरात आलीच, तर मॅगझिन वेगळ्या रंगाच्या ठेवा. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६च्या नळीत बसलं आणि चाप ओढला, की हत्यार हातात फुटतं.

आणि ते ब्रेसचं, म्हणजे पिस्तुलामागे लावायच्या हाताच्या आधाराचं. असं पिस्तूल बहुतेकदा आखूड नळीची रायफल धरणारा एटीएफ या अमेरिकी शस्त्रनियंत्रण खात्याचा २०२३चा नियम २०२४मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने रद्द केला. शिवाय आखूड नळीच्या रायफलीवरचा २०० डॉलरचा कर २०२६पासून शून्य झालाय. अशा रायफलीची नोंदणी मात्र सुटलेली नाही, आणि तुमच्या राज्याचा कायदा वेगळाच असू शकतो.