कापडी डायपर रात्री गळतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय – मदत हवी आहे

लेक साडेआठ महिन्यांची. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी झाली, त्यामुळे घरात सगळे तिला कानबाईच म्हणतात. ठेवलेलं नाव फक्त लसीच्या कार्डावर.

आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो, पाणी बोअरचं. टिच बटणांचे, आत इन्सर्ट (शू शोषणारी कापडी पट्टी) सरकवायचे असे आठ कापडी डायपर घेतले होते. सहा महिने काही तक्रार नव्हती. आता रात्री दोन तासांत मांडीच्या कडेने गळतात. इन्सर्ट काढून बघावा तर पुढे ओला, मागे कोरडा ठणठणीत! पहाटे उघडलं की डोळ्यांत पाणी येईल असा भपकारा. धुतलं की वास जातो, तिने शू केली की पुन्हा हजर.

धुते कशी तेही सांगते, म्हणजे चूक सापडेल. रात्रीचे डायपर सकाळी बादलीत टाकते, दुपारी ती झोपली की साबणाच्या वडीने घासून मशीनला लावते. या पाण्याने इन्सर्ट वाळले की पापडासारखे कडक होतात, म्हणून शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड घालते. भरपूर घालते. मग ऊन. उन्हाला आमच्याकडे तोटा नाही.

सासूबाई दिवसा जुन्या सुती लुगड्याचे लंगोटच बांधतात आणि दर वीस मिनिटांनी "वल्लं शे का, देख ना माय" सुरू. पण कबूल करते, लंगोटाला कधी वास आला नाही. नवरा म्हणतो वापरून फेकायचे आण. प्रवासात आणले होते. उकिरड्यावर टाकले, रात्रीत कुत्र्यांनी पुन्हा अंगणात आणून पसरले.

आणि ही बया टिच बटणाचा आवाज ऐकला की पालथी होऊन पळते. परवा अर्धा डायपर लोंबकळत परातीपर्यंत पोचली, दोन्ही हात कळण्याच्या पिठात. बदलायला पाच मिनिटं लागायची तिथे आता पंधरा लागतात, त्यातली दहा हसण्यात.

आखाजीला धुळ्याला जायचंय. आईच्या कापसाच्या गाद्या आहेत हो, काहीतरी सुचवा.

प्रतिसाद १
ताई, कोरड्या इन्सर्टवर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला नाही तर गुन्हेगार ते सुगंधी लिक्विड. धाग्यावर थर बसतो, पाणी आत शिरतच नाही. त्यात जड पाणी आणि वडी, म्हणजे चिकट साय कापडातच अडकते. लिक्विड बंद, वडी बंद, पावडर वापरा. फक्त इन्सर्ट कडक गरम पाण्यातून दोन-तीनदा काढा, फेस यायचा थांबेपर्यंत. वरचं कव्हर उकळत्या पाण्यात घालू नका आणि सावलीत वाळवा, इलॅस्टिक टिकेल. इन्सर्ट कडक झाले तर हातांनी चोळले की झालं.

प्रतिसाद २
भपकारा येतो कारण शू रात्रभर आणि वर दुपारपर्यंत बादलीत मुरते. सकाळी काढल्या काढल्या साध्या पाण्यातून पिळून ठेवा. शिवाय आता तिची शू वाढली असेल, एक इन्सर्ट रात्रीला पुरणार नाही. सासूबाईंचा लंगोट चौपदरी करून त्याच्यासोबत आत सरकवा. मालिशचं तेल कापडाला लागू देऊ नका, तेही पाणी अडवतं. आणि लाल पुरळ दिसून दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

धागाकर्ती
थेंब टाकला. अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला! सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "म्हनीसन मी लंगोट बांधस."

तीन इन्सर्ट गरम पाण्यातून काढले. पहिल्या पाण्याला साबण न घालताच बादलीभर फेस. काल रात्री लंगोटासकट लावलं, पहाटे चारपर्यंत गादी कोरडी. चारनंतर मात्र बाजूने थोडं आलंच. मांडीजवळचं बटण एक घर घट्ट करून बघू, की तिथलं इलॅस्टिकच गेलंय? कसं ओळखायचं?