मदत हवी आहे: तबल्याच्या साथीचं मानधन कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत राहतो. गांधर्व मंडळाची तबल्याची विशारद परीक्षा पास झालोय आणि गेली 6 वर्षं फक्त तबल्यावर घर चालवतोय. भजन, कीर्तन, लग्नातली संगीत संध्या, सुगमच्या मैफली, सगळीकडे साथ करतो.

अडचण चातुर्मासाची. आषाढी ते कार्तिकी लग्नं बंद. गणपती-नवरात्रात एका दिवशी दोन-दोन कार्यक्रम येतात, मधे पितृपक्षात मात्र पंधरा दिवस हात रिकामे. त्यात पावसाळी हवेत पुडीचा, म्हणजे तबल्यावरच्या कातड्याचा, सूर उतरतो. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे पुरुष गायकाला काळी एकचा सूर लागतो, बाईंना काळी चार-पाचचा, म्हणजे दोन-तीन तबले तयार ठेवावेच लागतात. पुडी बदलण्याचा हा खर्च आयोजकांना दिसतच नाही. मागच्या महिन्यात सिन्नरला एका मंडळाकडे वाजवलं. ठरलेल्या पैशांतले निम्मेच हातात आले, उरलेल्यांसाठी फोनवर फोन चाललेत. लेखी काहीच नव्हतं, ही माझीच चूक.

तुम्ही आगाऊ रक्कम किती घेता? निम्मी मागितली तर ओळखीचे लोक दुखावतात का? तालमीचे आणि प्रवासाचे पैसे वेगळे सांगता की एकत्रच? व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, वेळ, रक्कम लिहून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं तर पुरेल का?

शिवाय गंगापूर रोडच्या बाजूला लहान मुलांचा क्लास सुरू करायचा विचार आहे. तिकडे कोणी शिकवत असाल तर महिन्याची फी आणि एका तुकडीत किती मुलं घेता, तेवढं जरूर सांगा. सिंहस्थ 2027 मध्ये आहे, भजन-कीर्तनाची कामं वाढतील. त्याआधी हे सगळं नीट बसवायचंय.