किर्लोस्करांना बेळगावनं घालवलं, की कुंडल रोड स्टेशननं नेलं?

टिळकवाडीतला:
किर्लोस्कर रोडवर चहाला उभं राहिलं की कुणीतरी हळहळतंच, "नगरपालिकेनं जागा सोडायला लावली नसती तर कारखाना इथंच असता." जागा सोडावी लागली हे खरंच. १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि ऐन भरात उठा म्हणाले. पण लक्ष्मणराव १९१० मध्ये गेले कुठं, ते बघा की. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर. वस्ती नाही, बाजार नाही, नुसता निवडुंग आणि साप. रूळ तेवढे दारात. लोखंड आणि भट्टीचा कोळसा आणायचा रेल्वेनं, तयार नांगर धाडायचे रेल्वेनं. बैलगाडीवर हा धंदा झाला असता काय? किर्लोस्करवाडी रेल्वेनं वसवली, असं माझं मत.

खानापूरकर:
मग बेळगावला काय स्टेशन नव्हतं? सदर्न मराठा रेल्वेनं घातलेली तीच लाइन कुंडल रोड, मिरज करत बेळगावला येतेय आणि पुढं लोंढ्याला जातेय. रुळानं गाव मोठं होत असतं तर आमचा लोंढा एव्हाना मुंबईला मागं टाकून बसला असता! जंक्शन आहे, गोव्याचा फाटा तिथनंच फुटतो. फरक पडला तो औंधच्या राजांमुळं. त्यांनी ३२ एकर माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज. तुम्ही श्रेय इंजिनाला द्यायलाय.

गँगमनचा_पोरगा:
खानापूरकर, लोंढ्याला नावं ठेवायचं काम नाही. चारी बाजूंनी जंगल, कारखाना काय सागाच्या झाडावर बांधायचा? माझं बालपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील रात्रपाळीला, घरातलं जेवणसुद्धा गाडीच्या वेळेवर. शेजारी कुणी तमिळ, कुणी तेलुगू, आम्ही मराठी, आणि भांडणं मात्र सगळ्यांची कन्नडमध्ये. (का, ते विचारू नका.) रेल्वेनं वसवलेलं गाव बघायचं तर ते हे. किर्लोस्करवाडी कारखान्यानं वसवलेली. स्टेशन आधीपासून होतं, पण तेव्हा त्याचं नावसुद्धा शेजारच्या कुंडलचं होतं.

टिळकवाडीतला:
नावाचा मुद्दा बरोबर. गाव मोठं झालं आणि स्टेशनानंच त्याचं नाव घेतलं, ही गंमत माझ्या ध्यानात आली नव्हती. तरी मी माघार घेत नाही. राजेसाहेबांच्या संस्थानाचे तुकडे विखुरलेले. त्यातला नेमका स्टेशनालगतचा माळ का निवडला? औंधला राजवाडा होता, राजाश्रय होता, पण रेल्वे नव्हती. तिथं नाही काढला कारखाना.

खानापूरकर:
हे पटलं, पण अर्धंच. रूळ लागतातच, पण रुळाशेजारी माळ तर कितीतरी पडलेले होते. त्या माळावर कामगारांची घरं बांधणारा, तुरुंगातून सुटून आलेल्यांना राखणीला ठेवणारा माणूस लागतो. आणि तो आपल्याच जिल्ह्यातला, सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचा. तिथं रेल्वे कुठं होती?