लिंटचा नियम कुठून आला, हे फ्लॅट कॉन्फिगने खरंच सुटलं का?

घाटावरचा: काल इथे एकाने ठोकून दिलं, "इएसलिंट ९ आलं, फ्लॅट कॉन्फिग आलं, नियम कुठून आला हे शोधायची कटकट कायमची मिटली." इएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्ट कोड नियमांनुसार तपासणारं टूल; फ्लॅट कॉन्फिग म्हणजे त्याचे नियम एकाच फाईलमधल्या ॲरेत (यादीत) लिहायची नवी पद्धत. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. फाईल एक झाली म्हणून थर गेले का? त्या ॲरेत तुम्ही कंपनीचं तयार नियमांचं पॅकेज तीन टिंबं देऊन ओतता, त्याच्या पोटात आणखी दोन पॅकेजं. कुठल्या ब्लॉकमधून कुठला नियम आला ते दाखवणारा इन्स्पेक्टर (इन्स्पेक्ट-कॉन्फिग) उघडला की "ॲनॉनिमस" म्हणजे बिननावी ब्लॉकची रांग, कारण नेम लिहायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

शिवाय एका नियमाचा उगम एकच असतो असंही नाही. एअरबीएनबी कंपनीच्या नियमांच्या सेटमध्ये == ऐवजी === लिहायला लावणारा इक्यूइक्यूइक्यू असा आहे: तीव्रता एरर, पर्याय ऑलवेज आणि नलला सूट. आमच्या टीमने खाली नुसतं "वॉर्न" लिहिलं. तीव्रता आमची झाली, पर्याय वरचेच राहिले, आणि == नल बिनबोभाट पास होत राहिलं. जुन्या पद्धतीत हे व्हायचं, नव्यातही होतं.

सेमीकोलन: ते वाक्य माझंच, आणि ते मी भोगून लिहिलंय. जुन्या पद्धतीत फोल्डरागणिक इएसलिंटआरसी ही नियमांची फाईल, "इथेच थांब" सांगणारं रूट: ट्रू सापडेपर्यंत एकेक पायरी वर चढायचं. माझ्या लॅपटॉपवर लाल, सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) हिरवं! लागू नियम छापणारं प्रिंट-कॉन्फिग म्हणे मॅक्स-लेन (ओळीची कमाल लांबी) १००. अहो, पण आलं कुठून? त्याचा पत्ता त्यात नसतोच. दोन फोल्डर वर कुठल्याशा जुन्या ट्रेनिंगची फाईल पडली होती. अख्खी शुक्रवार संध्याकाळ गेली. एप्रिल २०२४ पासून फ्लॅट हाच डीफॉल्ट आहे, म्हणून सुटलो.

रानवारा: नियम कुठून आला ते राहू द्या, बंद कोणी केला ते आधी बोला. आमच्याकडे फाईलच्या डोक्यावरच नियम बंद करणारी इएसलिंट-डिसेबल कॉमेंट, कारण शून्य. दोन डॅश देऊन पुढे कारण लिहायची सोय २०२० पासून आहे.

दोन स्पेस: तुम्हाला रिलीजच्या रात्री बसावं लागत नाही, म्हणून सुचतं हे. सगळ्यांचे सामायिक नियम सांभाळणारी प्लॅटफॉर्म टीम मायनर व्हर्जनमध्ये गुपचूप नियम वाढवते आणि ज्या ओळीला मी हातही लावला नाही तिथे माझा पीआर (बदल कोडमध्ये घ्यायची विनंती) अडतो. डिसेबल करू नको तर काय करू?

रानवारा: रिलीजचं कारण मला सांगू नका. निकालाची वाट न पाहता सोडून दिलेली कामं पकडणारा नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस असाच एकाने घाईत बंद केला होता. पावती पाठवणाऱ्या फंक्शनला अवेट (काम संपेपर्यंत थांब) नाही, एरर कुठेच पकडलेला नाही. ग्राहकांचे पैसे कापले गेले, पावत्या गेल्या नाहीत, आणि सपोर्टच्या मुलींनी शिव्या खाल्ल्या. कारण लिहायला दहा सेकंद लागतात हो!

सेमीकोलन: विषय काय, चाललंय काय!

दोन स्पेस: बरं, लिहीन कारण. पण मग प्लॅटफॉर्मवाल्यांनीही प्रत्येक ब्लॉकला नाव द्यावं आणि नियम का घातला ते शेजारी लिहावं. शिस्त एकट्या खालच्यांनीच का पाळायची?

घाटावरचा: मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय? ॲरे चपटा झाला, तरी नाव आणि कारण माणसानेच लिहायचं असतं.

सेमीकोलन: "कायमची" हा शब्द खटकत असेल तर काढा. पण फोल्डर चढणं थांबलं, एवढं तरी कबूल करा.

घाटावरचा: तेवढं कबूल. आता तुमच्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडमध्ये) इन्स्पेक्ट-कॉन्फिग चालवा, किती "ॲनॉनिमस" निघतात तो आकडा इथे टाका. मग पुढचं बोलू.